घाटमाथ्यावरची खारी टाकी

मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम चालू असताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती आढळल्या. सगळ्या मिळून त्यांनी व्यापलेली जागा सुमारे ०.३६ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम एका टीपॉयएवढी. तरी हजारो कोटींच्या त्या प्रकल्पाला एवढ्याशा जागेसाठी वन्यजीव कायद्याखाली रीतसर परवानगी काढावी लागली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तज्ज्ञ आले आणि २०२० च्या अखेरीस त्या वसाहती मूळ जागेवरून काढून दुसरीकडे बसवण्यात आल्या.

बावधन, भूगाव, हिंजवडी किंवा पिरंगुटच्या फ्लॅटमध्ये ‘छोटीशी रीफ टँक’, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवायचा बेत करणाऱ्यांनी हा किस्सा आधी ऐकलेला बरा. या छंदाची माहिती बहुतेकांना मिळते ती अमेरिकेत किंवा युरोपात बनलेल्या व्हिडिओंतून. ते सुरू होतात दिव्यांपासून, पंपांपासून, मिठाच्या ब्रँडपासून. पुण्यालगतच्या या मुळशी तालुक्यात मात्र क्रम वेगळा लावावा लागतो: आधी कायदा, मग पाणी, मग तापमान आणि वीज. मासा सगळ्यात शेवटी. या क्रमाने विचार केला तर समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या या बाजूला खारी टाकी जमणं अशक्य नाही. फक्त ती व्हिडिओतल्या टाकीसारखी दिसणार नाही.

कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन, असे गटच्या गट त्यात आले. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही महाकाय शिंपलेही त्याच यादीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच या जिवांना. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली, पण प्रवाळ पहिल्याच परिशिष्टात राहिले. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा किमान तीन वर्षांची आणि जास्तीत जास्त सात वर्षांची. प्रवाळ मेलेला आहे, नुसता सांगाडा आहे, म्हणूनही सुटका नाही. कन्याकुमारीहून आणलेला शोकेसमधला पांढरा तुकडासुद्धा याच कक्षेत येतो, हे अनेक घरांना ठाऊक नसतं.

दुकानात यावर ठरलेलं उत्तर मिळतं: “साहेब, हा इंडोनेशियाचा माल आहे, इथला नाही.” पण खडक बांधणारे प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही आहेत. परदेशी मालाला निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो, इथे आयातीची परवानगी लागते आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा विदेशी जिवंत प्राण्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. शिवाय कायद्याच्या यादीत ‘सर्व’ हा शब्द आहे. ॲक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळाची फांदी कोणत्या देशातून आली, हे ती फांदी सांगत नाही, सांगतो तो कागद. तो कागद दाखवणारा विक्रेता सहसा भेटत नाही. तेव्हा कठीण सांगाड्याचे प्रवाळ बेतातून सरळ वगळावेत. त्यांना लागणारे भारी दिवे, कॅल्शियमचे डोस आणि रोजच्या चाचण्या बघता हौशी माणसाचं यात फारसं नुकसानही नाही.

मग उरतं काय? मऊ प्रवाळ. लेदर कोरल, मशरूम, झोअँथिड यांची नावं या याद्यांत नाहीत. ते पाण्यात डोलतात, थोडंफार चुकलं तरी सांभाळून घेतात आणि मध्यम उजेडावर जगतात. तरीही पक्कं बिल मागून घ्यावं आणि त्यावर जातीचं नाव लिहून घ्यावं. मऊ दिसणारं सगळंच चालतं असं मात्र नाही. पंख्यासारखा पसरलेला सी फॅन विक्रेता ‘सॉफ्ट’ म्हणूनच विकेल, पण तो यादीत आहे.

खडकाचा प्रश्नही याच रांगेतला. रीफ टाकीचं खरं गाळणीयंत्र म्हणजे तिच्यातला सच्छिद्र खडक. त्याच्या भोकाभोकांत राहणारे जीवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. ही युक्ती जगाला सांगितली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ साली त्यांनी लेख लिहून दाखवलं, की समुद्रातून जिवंत खडक आणला, हवेचे बुडबुडे सोडले आणि ऊन दिलं, की किचकट यंत्रांशिवाय टाकी तगते. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १८४६ च्या सुमारास, लंडनच्या ॲना थिन बाईंनी समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले प्रवाळ घरात जगवले होते. पंप नव्हता. त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. छंद बाईंचा आणि कष्ट मोलकरणीचे, ही परंपरा तेव्हापासूनची असावी.

एंग यांच्या हाताशी समुद्र होता. आपल्याकडे ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मिळणारा खडक हा बहुधा मेलेला प्रवाळच असतो. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ खणून काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला, त्याचे घाव तिथल्या बेटांभोवतीच्या भित्तिकांवर आहेत. त्यामुळे इथे भट्टीत भाजलेला सिरॅमिक किंवा सिमेंटचा कृत्रिम सच्छिद्र खडक घ्यावा. सिमेंटचा असेल तर तो महिना-दीड महिना पाणी बदलत भिजवावा, नाहीतर त्याचा चुना पाण्याचा पीएच चढवत राहतो. आणि मुळशीतला आपला काळा दगड? विषारी नाही, पण अंगाने घट्ट. जीवाणूंना राहायला भोकंच नाहीत. सजावटीला एखादा ठीक, गाळणी म्हणून बिनकामाचा.

आता पाणी. टाकीचं माप उदाहरणादाखल ६० × ४० × ४० सेंटिमीटर धरू. कागदावर ती ९६ लिटरची होते, खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी उरतं सुमारे ८० लिटर. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पहिल्या भरणीलाच तीन किलोच्या आसपास तयार समुद्रमीठ लागेल. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात फक्त सोडियम क्लोराइड असतं, तर समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही ठरलेल्या प्रमाणात असतात.

ताम्हिणी उतरून माणगावमार्गे दिवेआगरला गेलं की समुद्र फुकट आहे, मग चार कॅन भरून का आणू नयेत, असा विचार प्रत्येकाच्या मनात एकदा येतोच. हिवाळ्यात एखाद्या वेळी ते जमूनही जाईल. पण कोकणातल्या नद्या पावसाळ्याचे चार महिने लाल गाळ आणि गोडं पाणी किनाऱ्याला आणून ओततात, खारेपणा उतरतो आणि पाणी गढूळ होतं. एरवीही काठावरच्या लाटेत वाळू असते, होड्यांचं तेल असतं आणि भरमसाट सूक्ष्मजीव असतात, जे बंद कॅनमध्ये मरून वाटेतच सडू लागतात. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, ते उगाच नव्हे. समुद्र रस्त्यापलीकडे होता. घाटावर राहणाऱ्याने मीठच विकत घ्यावं.

खरी अडचण मिठाची नाही, ते ज्यात विरघळवायचं त्या गोड्या पाण्याची आहे. हिंजवडी-माण-मारुंजी पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. आज आलेला टँकर एका विहिरीचा, उद्याचा दुसऱ्या बोअरचा. कातळातून आलेलं हे पाणी जड असतं आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट किती, हे टँकरवाल्यालाही माहीत नसतं. तसंच पाणी मीठ घालून टाकीत ओतलं, की पंधरवड्यात काचेवर तपकिरी थर आणि खडकावर हिरवे केस उगवतात. स्वयंपाकघरातला आरओ वापरू म्हटलं, तर त्यातही मेख आहे. चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, नाहीतर खनिजांची नळी बसवलेली असते. टीडीएस मीटर बुडवून बघितलं तर आकडा ५० ते १०० च्या घरात दिसतो. रीफला तो शून्याजवळ हवा. म्हणून वेगळा छोटा आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लागते. असा आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर टाकून देतो. टँकरच्या दिवसांत ते सांडपाणी फरशी पुसायला आणि फ्लशला वापरलं नाही, तर घरच्यांची बोलणी खावी लागणार, आणि तीही रास्त.

सुरुवातीच्या भरणीनंतरचा हिशेब छोटा वाटतो: आठवड्याला दहा टक्के, म्हणजे आठ लिटर पाणी बदलायचं. पण त्याहून जास्त पाणी हवेत उडून जातं. कोरड्या एप्रिलमध्ये, पंखा लावलेल्या या मापाच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर सहज उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. समजा घरचे आठवडाभर गावी गेले. १४ लिटर उडालं, ६६ उरलं, आणि ३५ चा खारेपणा ४२ वर पोचला. मासे कदाचित तग धरतील, गोगलगायी आणि कोळंब्या नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणीच घालायचं, खारं नाही, हा नियम नवखे लोक हटकून चुकतात. तरंगत्या सेन्सरवर चालणारा ऑटो टॉपअप घ्यावा, पण त्याचा साठा २० लिटरपेक्षा मोठा ठेवू नये. सेन्सर अडकला तर अख्खं पिंप टाकीत रिकामं होतं आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात.

तापमानाच्या बाबतीत मात्र मुळशीचं नशीब मुंबईपेक्षा चांगलं आहे, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

रीफच्या पाण्याला २४ ते २६ अंश मानवतं. नेहमीच्या उन्हाळ्याहून एक-दोन अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हे शैवालच त्याला उन्हातून अन्न बनवून देत असतं. खऱ्या समुद्रात जे घडतं, तेच टाकीत चार दिवसांत घडू शकतं. पुणे परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा ३८ ते ४० पर्यंत जातो, वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये पाणी ३१-३२ वर येतं. पाहणारा घाबरून चिलर विकत घेतो. चिलर वीज खातो, घरघरतो आणि टाकीतून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो.

त्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा लावून बघावा. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढी काढली तर ८० लिटर पाणी सात अंशांनी थंड होईल. खोली सतत उष्णता परत देत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक दोन ते चार अंशांचा पडतो. पण ही युक्ती हवा कोरडी असेल तरच चालते. मुंबईच्या दमट मे महिन्यात तिचा फार उपयोग नाही. मुळशीत उन्हाळा कोरडा असतो, म्हणजे पंख्याची गरज असते तेव्हाच तो काम करतो. जूनमध्ये ताम्हिणीकडून ढग आले की हवा ओलीचिंब होते, पंखा निकामी ठरतो, पण तोवर खोलीच २५-२६ वर आलेली असते. उलट डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी २० च्या खाली घसरू शकतं. तिथे १०० वॉटचा हीटर आणि वेगळा तापमान-नियंत्रक हवा. हीटरचा आतला थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकडून निघतं, म्हणून नियंत्रक वेगळा. खारी टाकी म्हणजे चिलर, हे समीकरण मुंबईचं. भूगाव-पिरंगुटमध्ये ते एखाद्या मेमध्ये खरं ठरेल, रोज नाही.

विजेचं गणित फार वाईट नाही. ६० वॉटचा एलईडी आठ तास, लाटा काढणारा १० वॉटचा पंप, पाणी फिरवणारा १५ वॉटचा, फेस काढणारा छोटा स्किमर, आणि हंगामानुसार पंखा किंवा हीटर, असं सगळं धरून दिवसाला दीड युनिटच्या आसपास जातं. वीज किती लागते यापेक्षा ती जाते कधी, हा मुद्दा मोठा. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा महावितरणचा गुरुवार पुणेकरांना सांगायला नको, आणि वळवाच्या पावसात मुळशीच्या तारांचा भरवसा कुणी देत नाही. पंप थांबला की कोमट खाऱ्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो. दिवा बंद राहिला तर चालतं, पाणी हलत राहिलं पाहिजे. म्हणून लाटांचा पंप डीसी आणि इन्व्हर्टरवर, शिवाय सेलवर चालणारा एअरपंप खणात. दोन्ही मिळून खर्च एका महागड्या माशाएवढासुद्धा होत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. पाणी, खडक, वाळू, काच आणि स्टँड मिळून ही टाकी दीडशे किलोच्या घरात जाते. राहत्या घरांचे स्लॅब भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरून बांधतात. टाकी भिंतीला लागून, तुळईजवळ ठेवली तर काळजीचं कारण नाही. बाहेर काढलेल्या बाल्कनीत मात्र नको. ऊन, धूळ, कबुतरं ही कारणं वेगळीच.

माशांबाबत लोकांचं मन २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ने आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि यावेळी ते बरोबर आहे. क्लाउनफिश टाकीतच पैदास होणाऱ्या मोजक्या समुद्री माशांपैकी एक. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, आणि ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने शोभिवंत समुद्री माशांचं बीज केंद्र उभारलं. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्यातून मासा घेताना ‘हा पैदाशीचा की समुद्रातून पकडलेला?’ एवढं विचारलंच पाहिजे. दक्षिण-पूर्व आशियात भित्तिकांवर सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची रीत दशकानुदशकं चालत आली आहे. असा मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि घरी आल्यावर महिन्याभरात कारण न कळता मरतो. सगळे क्लाउनफिश नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान मासे एकत्र घेतले की नर-मादी ओळखत बसावं लागत नाही.

८० लिटरला क्लाउनफिशची एक जोडी, एक गोबी, एक-दोन कोळंब्या आणि काचा साफ ठेवणाऱ्या गोगलगायी एवढं पुरे. सिनेमातली निळी ‘डोरी’ फूटभर वाढते, तिचं इथे कामच नाही. रंगीत मँडरिन मासा तर या टाकीत उपाशी मरेल. तो कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जीव वेचून खातो, आणि एवढ्याशा खडकावर ते पुरेसे निपजत नाहीत. दुकानदार “गोळी खातो” म्हणेल. तिथेच, डोळ्यांसमोर खाऊन दाखवायला सांगावं.

झोअँथिडबद्दलचा इशारा फारच थोडे विक्रेते देतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. खडकावरचे नकोसे झोअँथिड मारायला म्हणून तो खडक घरात उकळला आणि वाफेने अख्खं कुटुंब दवाखान्यात दाखल झालं, अशा घटना परदेशांत घडल्या आहेत. खडक कधी उकळू नये. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोअँथिड कापू नये आणि लहान मुलं असलेल्या घरात त्याऐवजी मशरूम ठेवावेत.

ज्यांना खरे प्रवाळच पाहायचेत, त्यांनी सुट्टी काढून मालवणला जावं. १९८७ साली जाहीर झालेल्या तिथल्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, स्नॉर्केल लावून ते दिसतात. हात मात्र लावू नये. त्याही पलीकडे, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. तिथल्या प्रवाळांपर्यंत पर्यटक अजून सहसा पोचलेले नाहीत.

राहिला मुहूर्त. मुळशीत टाकी भरायची ती जूनच्या अखेरीस. तापमान आपोआप स्थिर असतं, टँकरही कमी झालेले असतात. मासे न घालता, खडक आणि जीवाणूंचं कल्चर घालून, अमोनियाचा एखादा थेंब देत टाकी नुसती चालू ठेवायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. गणपतीपर्यंत गोगलगायी, दिवाळीला क्लाउनफिशची जोडी. डिसेंबरात हीटरची परीक्षा, मार्चमध्ये पंख्याची. मे महिना २७ च्या आत निघाला आणि नायट्रेट दहाच्या खाली राहिलं, तर दुसऱ्या पावसाळ्यात पहिला मशरूम आणायला हरकत नाही. तो सावलीत, तळाशी ठेवावा आणि दोन आठवडे हलवू नये.